पहिली फीत

कोल्हापुरात आता लग्नाचे अल्बम कोणी उघडत नाही. माणूस गेला की वर्षाच्या आत त्याचा स्मृतिपट करतात. त्यानं जाण्याआधी दिलेल्या आणि जवळच्यांनी दिलेल्या आठवणींच्या फिती जोडायच्या, आणि वर्षश्राद्धाला जेवणं झाली की पाहुण्यांना दाखवायच्या. ऋजुता इंगवले वीस वर्षं हेच संकलन करत होती. लोकांच्या घरचे रुसवेफुगवे तिनं सफाईनं कापले होते. या खेपेला मात्र पट तिच्याच नवऱ्याचा, निषादचा होता, आणि बाईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

कारण केतकी. निषाद नाटकांची प्रकाशयोजना करायचा आणि केतकी पंधरा वर्षं त्याची साहाय्यक.

प्रत्येक मेंदू आठवणींचं गाठोडं आपल्याच गाठीनं बांधतो, ते सहसा दुसऱ्याला सुटत नाही. या रीतीला संकलक 'बांधणी' म्हणत. वेगळ्या बांधणीच्या फिती एका पटात आणायच्या तर रूपांतर करावंच लागतं. निषादची फीत ऋजुताच्या बांधणीत लावली तर पडद्यावर नुसते करडे ठिपके. केतकीच्या बांधणीत मात्र ती लख्ख उघडली.

"बावीस वर्षं संसार माझ्याशी, आणि गाठ जुळली ती हिच्याशी," ऋजुता डॉ. नसीम तांबोळींना म्हणाली. नसीम बांधणीशास्त्रातली मोठी संशोधक, आणि ऋजुताची जुनी मैत्रीण.

यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही, असं नसीमनं समजावलं. दोन माणसं वर्षानुवर्षं एकाच दिव्याकडे बघत बसली की बांधण्या सारख्या होतात. नवराबायको एकमेकांकडे बघतात, एका गोष्टीकडे नाही. "पट केतकीच्या बांधणीत कर. निषादचं काही हरवणार नाही."

ऋजुताच्या अंगाचा तिळपापड झाला. आपला नवरा बघायचा तो त्या बाईच्या डोळ्यांनी? रिकाम्या पटावर जी फीत पहिली ठेवाल तिची बांधणी अख्ख्या पटाची होते, म्हणून शिकाऊसुद्धा पहिली फीत विचार करून ठेवतात. नसीम चहा आणायला गेली आणि ऋजुतानं स्वतःची फीत ठेवून निषादच्या फिती मागे जोडल्या. रूपांतर झाल्यावर मूळ फिती पुसायच्या का, असं यंत्रानं विचारलं. आठवणीच्या दोन प्रती ठेवायला कायद्यानं बंदी होती, त्यामुळे प्रश्न नेहमीचाच. तिनं हो म्हटलं.

मग निषादच्या नजरेतून केतकी दिसली. तिची मान, तिची बांगडी, दिवा देताना लागलेली बोटं, तिच्या प्रत्येक हसण्यावर थबकणारी नजर. ऋजुताला रडू आलं, आणि मेलं बरंही वाटलं; आपलाच संशय खरा ठरला. तिनं पुढची फीत लावली. पन्हाळ्यावर, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, निषाद तिच्याकडे बघत होता. त्याला दिसत होता तिचा वाकडा दात, मग जाड हनुवटी, मग कपाळावरचा डाग. रोज आरशात तिला जे दिसायचं तेच, त्याच क्रमानं.

"हा असं बघायचा माझ्याकडे?"

नसीमनं कप खाली ठेवले. "रूपांतरात जे बसत नाही, ते यंत्र नव्या बांधणीच्या सवयीनं भरतं. ही तुझी नजर आहे, ऋजुता. दोन्ही फितींत."

"मग त्याची?"

"पुसलीस."

थोड्या वेळानं नसीमनंच सुचवलं, की ऋजुता तालमीला जायची तेव्हा निषाद तिच्याकडे कसा बघायचा, हे केतकीनं पाहिलं असेल. तेवढी आठवण तिच्याकडे मागता येईल. ऋजुतानं सगळा मानापमान गिळून फोन लावला आणि विचारलं.



"नाही हो वहिनी," केतकी म्हणाली. "तुम्ही आलात की मी मान फिरवायचे. मला ते बघवायचं नाही."