कॉइल कोण तोडतंय?

“तुटली! परत तुटली!” पंक्चर जिन्यातूनच ओरडत खाली आला. “कॉइलला मीटर लावला, तर काटा जागचा हलत नाहीये!”

“काल संध्याकाळी तर नाचत होता!” वकील ताडकन उठली.

“मी पाहिलं होतं!” बटण म्हणाली. “माझ्या डोळ्यांदेखत नाचत होता!”

तिघं चुलत भावंडं. वकील सगळ्यांत मोठी. श्वास घेण्याआधी वाद घालते म्हणून वकील. पंक्चरची सायकल वर्षातून चार दिवस धड असते. बटण सगळ्यांत लहान, बटणाएवढीच. सुट्टी लागली रे लागली की तिघं काकांच्या घरी हजर!

काकांची माडीवरची खोली म्हणजे जुन्या रेडिओंचा दवाखाना होता. इतके जुने रेडिओ की त्यांचे भाग कुठल्याच दुकानात मिळत नसत. मग काका ते घरीच बनवत. साचा करून त्यात रंगीत राळ ओतली की झालं बटण. सायकलची तार तासली की झाला स्टेशन दाखवणारा काटा. पण यंदा सगळं बदललं होतं. काकांचे हात थरथरत होते. चहाचा कप उचलला की अर्धा चहा बशीत सांडायचा. त्यामुळे काका स्टुलावर बसून सांगत आणि काम मुलं करत.

आणि रेडिओ उरला होता एकच.

“तेवढा एक झाला की खोली शिंप्याला द्यायची,” काकूने काकांसकट सगळ्यांना बजावलं होतं. “या हातांनी तो जिना चढता-उतरता. एक दिवस गडगडत खाली याल!”

 काकांना मात्र तिने काही विचारलंही नव्हतं.

तो रेडिओ समोरच्या नर्सबाईंचा होता. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले होते, बोलणं बंद झालं होतं. “लग्नाआधी घेतलेला रेडिओ आहे हो,” बाई सांगायच्या. “वाजला तर निदान मान तरी वळवतील.” सगळं जुळलं होतं, फक्त आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, जळून गेली होती. म्हणून मुलांनी औषधाच्या गोळ्यांची काळी नळी घेतली आणि तिच्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळली. एकाला एक चिकटून, एकही वेढा दुसऱ्यावर न चढता! मान मोडून आली. आणि दर वेळी तेच. संध्याकाळी धडधाकट, सकाळी तुटलेली!

“उंदीर!” पंक्चरने निकाल दिला.

“उंदीर कुरतडतो,” वकील तार डोळ्यांशी नेत म्हणाली. “ही नीट कापलीये. पकडीने! उंदराकडे पक्कड असते का?”

“मग शिंपी! रोज सकाळी टेप घेऊन खोली मोजायला येतो!”

“अरे, रेडिओ लवकर झाला तर त्याला खोली लवकर मिळणार! तो कशाला तोडेल?”

“मग कोण?”

वकीलने तार टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाली, “बटण, काकूच्या कपाटातून बुटाचं काळं पॉलिश आण.”

त्या दिवशी काका दुपारी झोपलेले असताना त्यांनी गुपचूप दोन कॉइल्स केल्या. खरी बटणच्या मोज्यात गेली. दुसरी टेबलावर राहिली आणि तिच्या काळ्या नळीला काळं पॉलिश लागलं. बघणाऱ्याला कळायचं कारणच नव्हतं!

सकाळी मुलं वर धावली. टेबलावरची कॉइल कापलेली!

“आता सगळ्यांचे हात बघायचे,” वकील कुजबुजली.

खाली शिंपी टेप गुंडाळत उभा होता. त्याच्या बोटांवर नुसती खडूची पांढरी भुकटी. काकूचे हात भांडी घासून लालेलाल. पंक्चरने तर दूधवाल्याचेही हात बघून घेतले!

“काय रे, ज्योतिषी झालास का?” दूधवाला हसला.

बटण मात्र हसत नव्हती. ती काकांच्या कपाकडे बघत होती. कपाच्या कानावर काळा डाग होता. काकांच्या अंगठ्यावरही.

तिने वकीलच्या फ्रॉकची बाही ओढली. वकील बघतच राहिली. मोठ्याने आरोप करायचा, असं तिने ठरवून ठेवलं होतं. आता तिने बटणचा हात धरून तिला मागे ओढलं.

थोड्या वेळाने काकाच म्हणाले, “चला वर.”

खोलीत ते स्टुलावर बसले. अंगठा सदऱ्याला पुसत म्हणाले, “युक्ती झकास होती. पॉलिश कुणाची कल्पना?”

“माझी,” वकील पुटपुटली. “पण काका, का?”

काकांनी टेबलावरच्या रेडिओवरून हात फिरवला.

“हा झाला की मी काय करू, सांग बरं? खाली खुर्चीत बसून गाड्या मोजू?” ते म्हणाले. “आता मला ना तार गुंडाळता येते, ना कथलाचा डाग देऊन ती जोडता येते. कापता तेवढं येतं. कापताना हात थरथरला तरी चालतं.”

“आम्ही कुणाला सांगणार नाही!” पंक्चर घाईघाईने म्हणाला. “रोज तुटली म्हणून सांगू! पुढच्या सुट्टीपर्यंत!”

काका कसंनुसं हसले.

इतक्यात जिन्यात पावलं वाजली. नर्सबाई दारात उभ्या होत्या. डोळे सुजलेले.

“उद्या त्यांना मुलीकडे हलवतोय,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, आता आणखी काही करण्यासारखं नाही. रेडिओ वाजत नसला तरी द्या हो. नुसता उशाशी ठेवीन.”

 बाई डोळे टिपत खाली गेल्या.

काकांनी बटणकडे पाहिलं. “खरी कुठंय?”

“कुठली खरी?” वकील दचकली.

“वकीलसाहेब, खोटी टेबलावर ठेवलीत, म्हणजे खरी तुमच्याकडे असणारच!”

बटणने मोज्यातून कॉइल काढली. रडत रडतच काढली.

“डाग वकील देईल,” काका म्हणाले. “पंक्चर, तू तार धर. घाई नको.”

दुपारपर्यंत काम चाललं. काका एकेक शब्द तोलून सांगत होते. शेवटी बटणने खटका दाबला. आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू लालसर झाल्या. आधी घुरघुर, मग खरखर, मग एकदम कुणीतरी स्वच्छ आवाजात गाऊ लागलं!

“वाजला!” पंक्चरने उडी मारली, आणि काकांचा चेहरा बघून तो तसाच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी रेडिओ गेला. नर्सबाईंनी तिघांना पोटाशी धरलं. यजमानांनी मान वळवली का, ते विचारायची हिंमत कुणाला झाली नाही, आणि बाईंनीही सांगितलं नाही.

त्याच दिवशी शिंप्याचं मशीन माडीवर चढलं. काकांचे साचे, तारा, पकडी भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेल्या.

“म्हणजे उंदीरच होता ना?” काकूने विचारलं.

“हो,” वकील म्हणाली. “पकडला आम्ही.”

“शाबास रे माझ्या वाघांनो! उंदीर पकडलात, रेडिओ वाजवलात आणि खोलीही वेळेत मोकळी करून दिलीत! अगदी मोठ्या माणसांसारखं काम केलंत!”

“एकेकाला झकास शर्ट शिवून देतो!” शिंपी वरून ओरडला. “फुकट!”

तिघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

काका खाली खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वकील त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

“काका, आमचं चुकलं का?”

“नाही गं. एक वेढा इकडचा तिकडे नव्हता. मी सुद्धा इतकी सरळ तार गुंडाळली नसती.”

त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. तो थरथरत होता. तिने तो दोन्ही हातांत घट्ट धरला. तरी तो थांबला नाही. वर शिंप्याचं मशीन सुरू झालं.