विषारी पालीची कुपी

१९९६ चा मे. रुचिकाने एसटीडीवरून बोलावल्यामुळे खासगी तपासनीस अर्जुनराव आणि त्यांचा सोबती सटवा बीडहून सिरसाळ्याला आले. तिच्या वडिलांचं, वैजिनाथअप्पांचं, किराणा दुकान बाजारातच होतं, मागे घर.

"कुपी गेली," रुचिका म्हणाली. "अमेरिकेच्या वाळवंटातल्या विषारी पालीचा डीएनए आहे तिच्यात, माझ्या संशोधनासाठी आणलेला. थर्मास जागेवर आहे, कुपी नाही. गार राहिली नाही तर वाया जाईल. उद्या मुंबईची एसटी, मग अमेरिकेचं विमान. तिकडेच तो पूर्ण वाचता येईल."

"पूर्ण वाचायला किती वेळ लागेल?"

"जन्म जाईल. घरीही तेच सांगितलं."

तिची आई गंगासागरबाई दाराआडून म्हणाली, "इख हाय म्हनं त्यात. म्या शिवले बी न्हाई. नासलं आसंल का वो आता?"

आतेभाऊ बसवेशला रुचिकाने लग्नाला नकार दिला होता. "म्या नेलं आसतं तर थर्मासच उचलला आसता," तो गुरगुरला. "या उन्हात नासलं बी आसंल."

वैजिनाथअप्पा एवढंच म्हणाले, "पोरगी राहिली तर बरंच हाय की."

घामाघूम सटव्याने दुकानात जाऊन बर्फ घातलेला सोडा मागितला.

"आज बर्फच आला न्हाई," अप्पा म्हणाले.

अर्जुनरावांनी दुकानाच्या उंबऱ्याजवळचा ओला भुसा चपलेने सारला.

"बसवेशच," सटवा कुजबुजला.

"नाही." अर्जुनरावांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. "बर्फाची लादी भुशात गुंडाळून येते. हा भुसा ओला आहे, म्हणजे लादी आली. मग गिऱ्हाइकाला नाही का म्हणायचं? बाई आणि बसवेश, दोघांनाही वाटलं कुपी नासली असेल. अप्पा, तुम्ही तेवढंच विचारलं नाहीत. ती गार आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. चोराला रुचिकाला थांबवायचं होतं, तिचं काम बुडवायचं नव्हतं."

वैजिनाथअप्पांनी गल्ल्यामागचं गोणपाट उचललं. लादीत खळगा करून कुपी ठेवलेली होती.

"नासवायची न्हवती गं," ते म्हणाले. "गाडी हुकली आसती, तेवढंच. जन्म जाईल म्हनलीस. माझा बी जाईल की तवर."

रुचिकाने त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. बराच वेळ उचललं नाही. 'राहते' मात्र म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी एसटी हलली तरी अप्पांनी खिडकीचा गज सोडला नाही. ते सोबत चालू लागले, मग पळू लागले. शेवटी सटव्याने त्यांना दोन्ही हातांनी कव घालून थांबवलं.