समोरचं चर्च

वाचनालयात फिल्म बघायचं मशीन एकच होतं, आणि त्याच्यापुढे एक उंच, तांबूस केसांचा माणूस ठाण मांडून बसला होता… जशी काही ती खुर्ची त्याला आंदणच मिळाली होती!

मोराग दोनदा खाकरली. मग तिने ओली छत्री मुद्दाम त्याच्या मागे जोरात झटकली.

"पाऊस आत आला वाटतं," तो मागे न वळता म्हणाला.

"अकराची वेळ माझी आहे."

"माझीही."

"वहीत माझं नाव लिहिलंय!"

"त्याच्याखाली माझं." आता तो वळला. डोळे खोडकर, करडे. "ग्रंथपालबाईंना वाटलं असेल, आपण जोडीनेच आलोय."

मोरागला राग आला. आणि रागाबरोबर आणखी काहीतरी आलं, ज्याच्याकडे तिने साफ दुर्लक्ष केलं. सहा दिवसांनी तिची बोट सुटणार होती. नॉर्वेतल्या बर्गनच्या एका हॉटेलात तिला काम मिळालं होतं, आणि अशा वेळी करड्या डोळ्यांकडे पाहायला कुणाला सवड आहे?

तिच्या पायाला भिंगरी होती, हे सगळ्या पोर्टनावी गावाला ठाऊक होतं. ग्लासगो झालं, ॲबर्डीन झालं, दोन साखरपुडे झाले… दोन्ही तिनेच मोडले. गाव तिला चंचल म्हणे. खरं कारण फक्त तिच्या आईला माहीत होतं, कारण ते आईनेच तिच्या मनात पेरलं होतं. 'आपल्या घरातल्या बायकांना पुरुष सोडून जातात गं. थेट त्या खापरपणजी बेथियापासून.' मोरागचे वडील तेलाच्या कामावर म्हणून गेले ते परतलेच नव्हते. मग मोरागने लहानपणीच ठरवून टाकलं होतं, कुणी सोडून जायच्या आत आपणच निघायचं.

आता त्याच बेथियाच्या थडग्याचा पडलेला दगड पुन्हा उभा करायचा होता. "जाण्याआधी एवढं कर, तिच्या तारखा शोधून आण," असं आईने सांगितलं, म्हणून ती तालुक्याच्या वाचनालयात चर्चच्या जुन्या नोंदींची फिल्म बघायला आली होती.

"बसा," तो उठत म्हणाला. "मी चाक फिरवतो, तुम्ही वाचा. माझं नाव इव्हँडर. पोर्टनावीत होड्या दुरुस्त करतो, दोन वर्षं झाली."

"मी तिथलीच. पण मी कधी पाहिलं नाही तुम्हाला."

"तुम्ही गावात असता कुठे?" तो हसला. "ती भिंगरीवाली मोराग तुम्हीच ना?"

फिल्म सरकू लागली. वेलबुट्टीच्या अक्षरांत माणसं जन्मत होती, लग्नं करत होती. हेक्टर ग्रँट, कोळी, आणि बेथिया रॉस यांचं लग्न सापडलं. दोन मुली सापडल्या. आणि १८४३ नंतर हेक्टर ग्रँटचं नावच नाही… एक पान नाही, दोन नाहीत, रीळ संपलं तरी नाही.

"बघा," मोराग हळूच म्हणाली. "पळाला. आई म्हणते तेच खरं."

इव्हँडर चक्क हसला. तिने असं पाहिलं, की त्याने हसू गिळलं.

"रागावू नका… तुम्ही जुन्या चर्चच्या ना?"

"मग?"

"त्रेचाळीस साली काय झालं, सांगा बरं."

ते शाळेतलं पोरही सांगेल! पाद्री जमीनदाराने नेमायचा की गावाने, यावरून भांडण पेटलं, आणि निम्म्या गावाने जुनं चर्च सोडून रस्त्यापलीकडे नवं बांधलं. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं एकमेकांना लोणी उसनं देत, होडी उसनी देत, पण समोरच्या दारात पाऊल टाकत नसत. मोरागच्या घरात पिढ्यान् पिढ्या फक्त जुन्या चर्चची पुस्तकं पाहिली गेली होती. समोर कोण बघणार?

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी समोरचा," इव्हँडर म्हणाला. "तिथे स्तोत्रांना पहिला सूर मीच लावतो. आमची पुस्तकं अजून चर्चमध्येच आहेत. शनिवारी या… रस्ता ओलांडायची भीती वाटत नसेल तर."

"भीती? मला?"

"मग ठरलं."

शनिवार येईपर्यंत तिला चैन पडेना. पेटी भरली, उपसली, पुन्हा भरली. समुद्रावरून धुकं येत होतं, जात होतं, आणि ती खिडकी आणि दार यांच्यामध्ये येरझारा घालत होती.

शनिवारी म्हाताऱ्या फिनलेने, समोरच्या चर्चच्या कारभाऱ्याने, नाक मुरडत कपाट उघडून दिलं आणि बाकावर पहारा देत बसला. पुस्तकाला ओलसर वास होता. दोन डोकी एका पानावर झुकली. त्याच्या बाहीला लाकडाचा भुसा चिकटला होता. तिला तो झटकावासा वाटला, पण तिने हात मांडीखाली दाबून धरला.

"हा बघ," इव्हँडर कुजबुजला. तुम्हीचं तू कधी झालं, कुणालाच कळलं नाही. "हेक्टर ग्रँट, कोळी. मुलगा झाला. पंचेचाळीस साल. आणि शेजारी कुणीतरी चिडून लिहिलंय, 'आई बेथिया अजून समोरच्या जुन्या चर्चलाच जाते.'"

"म्हणजे…"

"म्हणजे तो बायकोला नाही, चर्चला सोडून गेला. आणि ती बाई जागची हलली नाही! रविवारी दोघं रस्त्यापर्यंत बरोबर येत असतील, मग हा इकडे, ती तिकडे."

पानं उलटत गेली. आणखी मुलगा, आणखी मुलगी… मोराग तारखा वाचत होती आणि एकदम थांबली.

"सगळी बाळं जूनमधली."

"हेरिंग माशांचा हंगाम सप्टेंबरात संपतो," इव्हँडर अगदी गंभीरपणे म्हणाला. "होड्या घरी परततात. हिशोब तूच कर."

हिशोब तिने केला, आणि लाल झाली. पलीकडे फिनले खोकला. मोराग हसत सुटली, आणि हसता हसता डोळे भरून आले. दर उन्हाळ्यात जात होता तो माणूस. आणि दर वेळी परत येत होता! तिच्या घराने मात्र फक्त जाणं तेवढं जपून ठेवलं होतं.

बाहेर येताना ती म्हणाली, "मी सोमवारी जातेय."

"माहीत आहे."

"थांब म्हणणार नाहीस?"

"म्हटलं तर थांबशील?"

"नाही."

"मग कशाला तोंडाची वाफ दवडू?"

बरोबरच होतं त्याचं. तरी ती पाय आपटत घरी गेली आणि रात्रभर त्याच्यावर चिडत राहिली.

आईने सगळं ऐकून घेतलं होतं. तिने चहाचा कप बाजूला सारला. "मग मी तुला इतकी वर्षं काय शिकवलं गं?" एवढंच ती म्हणाली.

रविवारी दोघी निघाल्या. घंटा दोन्हीकडून वाजत होत्या. जुन्या चर्चच्या फाटकाशी मोरागचे पाय अडले.

"आई, तू हो पुढे."

आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रस्त्यापलीकडे. "टोपी सरळ कर," ती म्हणाली आणि आत गेली.

मोराग समोरच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली. पाद्रींनी स्तोत्र सांगितलं. व्यासपीठाखालच्या चौकटीत बसलेल्या इव्हँडरने पहिला सूर लावला… खोल, सरळ, कोणत्याही वाद्याशिवाय. आणि मोराग जन्मभराच्या सवयीने ताडकन उभी राहिली.

एकटीच!

या चर्चमध्ये बसून गातात आणि उभं राहून प्रार्थना करतात, जुन्या चर्चच्या नेमकं उलट. हे तिला माहीत होतं, पायांना नव्हतं. सगळी डोकी वळली. फिनलेचं तोंड उघडंच राहिलं. आता बसावं तर फजिती, उभं राहावं तर त्याहून मोठी. तिची नजर दाराकडे गेली. दार जवळ होतं… नेहमीप्रमाणेच.

एवढ्यात सूर किंचित थरथरला. इव्हँडर गाता गाता उठून उभा राहिला होता. तिच्याकडे पाहत, भरल्या चर्चसमोर, तो उभ्याने गात राहिला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत बसला नाही. मोराग दाराकडे गेली नाही.

बाहेर भुरभुर पाऊस होता. फिनले पुटपुटत निघून गेला, "एकशे पस्तीस वर्षांत असं…"

"कशाला उठलास?" मोरागने विचारलं.

"तू एकटी होतीस म्हणून."

"आता गाव काय बोलेल?"

"खरं तेच. की माझं तुझ्यावर प्रेम आहे."

तिने त्याच्या कोटाच्या बाहीवर काल राहून गेलेला भुसा शोधला. रविवारचा कोट होता, भुसा नव्हता. तरी तिने बाही झटकली.

"माझंही आहे," ती म्हणाली. "पण मी उद्या जाणार, इव्हँडर. शब्द दिलाय त्यांना. आणि…" पुढचं वाक्य तिने आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं. "सप्टेंबरात मी परत येईन."

"हेरिंगच्या होड्यांबरोबर?"

"जीभ आवर!"

तो हसत होता, पण त्याचे डोळे ओले झाले होते. तेवढ्यात जुन्या चर्चमधून आई बाहेर आली. फाटकाशी थांबली, दोन्हीकडे पाहिलं, आणि सरळ रस्ता ओलांडून आली.

"हा कोण?" तिने विचारलं.

"हा इव्हँडर," मोराग म्हणाली. "याच्यासाठी मी परत येणार आहे."