बंबापाशी हिरवा ठिपका

"लंबूचा ठिपका बंबापाशी होता, अक्का! हिरवागार! मग मी आत माणसं कशाला पाठवू?"

अग्निशमन केंद्राच्या प्रमुखाने टेबलावर थाप मारली. समोर त्याची थोरली बहीण निवांत चहा पीत होती. खासगी तपास हा तिचा धंदा. धाकट्याचा आरडाओरडा तिला नवा नव्हता.

लढाईत सैनिकांना एकमेकांचा ठावठिकाणा कळावा म्हणून निघालेले पट्टे आता या जवानांच्या कमरेला आले होते. प्रमुखाच्या पडद्यावर प्रत्येकाचा एक हिरवा ठिपका. माणूस जरा वेळ निश्चल राहिला, की ठिपका लाल आणि पट्ट्याची बोंबाबोंब. काल गोदामाच्या आगीत लंबू हा जवान आत कोसळला, ठिपका मात्र बाहेर बंबापाशी हिरवाच. आता तो दवाखान्यात नळीतून श्वास घेत होता.

"पट्टे सांभाळणारी ती पोरगी! तिच्यावर आजच पोलिसात तक्रार. फक्त माझी सही बाकी आहे."

"मग मला कशाला बोलावलंस, गुंड्या?"

"वरचे विचारतील, चौकशी केली का म्हणून."

"म्हणजे मी शोभेला. बरं, पट्टा बोंबललाच नाही?"

"बोंबलला की! आग विझली, पंप बंद केला, नळ्या गुंडाळायला घेतल्या तेव्हा! काय डोंबल उपयोग? पट्टा नंतर बंबाच्या चालकानं आणून दिला, लंबूच्या कमरेचा काढला म्हणाला."

अक्काने पट्टा नाकाशी नेला आणि भावापुढे धरला. "कसला वास येतोय?"

"डिझेलचा. बंबावरच्या माणसाला दुसरा कसला येणार?"

पोरगी आली ती रडवेली होऊनच. "पट्टा ठणठणीत आहे हो. उलट याच केंद्रातले पट्टे कधी उगाच वाजत नाहीत. बाकीकडे नुसता वैताग."

"शिस्त लागते त्याला!" प्रमुख फुशारला. "ज्याचा वाजेल त्याला सगळ्यांसमोर विचारतो, काय रे मढ्या, उठलास का? महिन्यात बोंब बंद!"

अक्का उठून बंबाकडे गेली, प्रमुख मागोमाग. चालक तिथंच उभा होता. पंपाच्या अंगाला नवे आकडे ठोकलेले होते.

"इथं काय टांगता?"

"टॉवेल," चालक जमिनीकडे बघत म्हणाला.

"पंप चालू कर."

बंब थरथरू लागला. अक्काने पट्टा आकड्याला अडकवला. बराच वेळ गेला, पट्टा गप्प. तिने हात केला, पंप थांबला. थोड्याच वेळात पट्टा असा किंचाळला की प्रमुख दचकून मागे सरला.

"त्याला माणूस काय आणि पंप काय, हललं म्हणजे जिवंत," अक्का म्हणाली. "म्हणून पंप बंद झाल्यावरच तो वाजला. आगीतून आलेल्या पट्ट्याला धुराचा वास हवा, याला नुसता डिझेलचा. म्हणजे तो आत गेलाच नाही. आणि माणसं आहेत तिथं पट्टे अधूनमधून उगाच वाजणारच. इथं वाजत नाहीत, कारण सगळे ते इथं टांगतात. खरं ना रे?"

चालकाचा बांध फुटला. "लंबू नळी धरून ताटकळत उभा होता. वाजला तर साहेब मढं म्हणतील, म्हणून टांगला. आतून जोडीदाराची हाक आली, तसाच धावला. पट्टा इथंच राहिलाय, हे मला आठवलंच नाही. नंतर लाज वाटली, म्हणून खोटं बोललो."

"अरे, मला सांगायचंस तरी!"

"कुणाला सांगणार होता तो?" अक्का हळूच म्हणाली. "तुला?"

प्रमुखाचे कान तापले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. त्याने तक्रार फाडली, पोरीसमोर हात जोडले आणि तडक दवाखाना गाठला.

लंबूची बायको लगबगीने उठली. "तुमच्यासारखं वडीलधारं माणूस पाठीशी आहे, म्हणून धीर आहे, साहेब. त्या पोरीला मात्र सोडू नका."

"तिचा काही दोष नाही, वहिनी. माझा आहे."

त्याने सगळं सांगितलं, मढं हा शब्दसुद्धा. एकदाही त्याला मान वर करवली नाही. मग तिने खोलीचं दार उघडलं आणि बाजूला झाली.

"जागे आहेत," ती म्हणाली. "मला काय सांगता? त्यांना सांगा."