निघालोच आहे

आधी आतल्या खोलीचं दार लोटून घे बघू. घुबडाची पिलं आत्ता कुठे शांत झालीत. हं, बसा आता. भुताची गोष्ट हवी ना? मग ऐका. ही काही ऐकीव नाही, माझ्या चांगल्या ओळखीच्या माणसावर गुदरलेली आहे. प्राण्यांचा डॉक्टर तो. तुम्ही करता तेच काम. जखमी रानजनावरं उचलून आणायची, बरी करायची, परत सोडून द्यायची. हाताला यशही असं, की लोक म्हणायचे, याने नुसतं गोंजारलं तरी पाखरू उडतं.

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. डॉक्टर एका कोल्हिणीला सोडायला निघाला होता. जनावर जिथे सापडलं तिथेच सोडायचं, हा आपला नेम. ही सापडली होती गावाबाहेर, पूल ओलांडला की लागतं त्या वळणावर. मागचा पाय मोडला होता. डॉक्टरने हाडात सळई घातली, हिवाळाभर सांभाळली, आता तुरुतुरु पळत होती. अशा वेळी प्राणी-केंद्रातली सगळी मंडळी हौसेने गाडीत चढतात. पण डॉक्टर म्हणाला, "एवढ्याशा कामाला वरात कशाला? मी जातो की एकटा."

खरं सांगायचं तर त्या वळणावर कोणाच्या सोबतीने उभं राहायची त्याची छाती नव्हती.

त्याचं असं झालं होतं. हिवाळा सुरू होताना, अशाच एका धुक्याच्या रात्री त्याला फोन आला. बेकरीतला एक भट्टीवाला रात्रपाळीला निघाला होता, त्याला ही कोल्हीण रस्त्यात पडलेली दिसली. "डॉक्टरसाहेब, जिवंत आहे हो. अगदी रस्त्याच्या मधोमध. हात लावला की चावायला येते. काय करू?"

डॉक्टर दिवसभर राबून नुकताच टेकला होता. पाय पांघरुणात, समोर टीव्हीवर सिनेमा. तो म्हणाला, "निघालोच आहे. तुम्ही थांबा तिथे."

आणि बसून राहिला. सिनेमा संपतच आला होता ना! थोड्या वेळाने पुन्हा फोन. "कुठवर आलात?" हा म्हणतो, "आलोच, पुलापाशी आहे." अरे, आपण सगळेच म्हणतो असं. दात घासत असलो तरी म्हणतो, रस्त्यात आहे. मग त्याचा डोळा लागला.

जाग आली ती उजाडताना. धावत गेला. वळणावर माणसं जमली होती. कोल्हीण चिरडली जाऊ नये म्हणून भट्टीवाला रात्री रस्त्यात उभा राहून टॉर्च हलवत राहिला होता. धुक्यात ट्रकवाल्याला काही दिसलं नाही...

कोल्हीण वाचली. तो गेला.

लोक म्हणाले, धुक्यामुळे डॉक्टरला उशीर झाला. डॉक्टरने मान हलवली. पुढे भट्टीवाल्याची बायको दवाखान्यात आली. कोल्हिणीकडे बघत बराच वेळ बसली. मग म्हणाली, "शेवटचं तुमच्याशीच बोलले ते. काय म्हणाले?"

"वहिनी, आवाज नीट येत नव्हता."

ती बिचारी उलट त्याचेच आभार मानून गेली. तेव्हापासून याला अन्न गोड लागेना. कोल्हिणीला औषध द्यायचा तेही तिची नजर चुकवून.

तर त्या गुरुवारी गाडी गावाबाहेर पडली. धुकं उतरलं होतं. पुलाचे कठडे दिसायला लागले, तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरने रस्त्यावरची नजर न काढता उचलला.

"डॉक्टरसाहेब, कुठवर आलात?"

सवयीने तोंडातून निघून गेलं, "आलोच, पुलापाशी आहे."

आणि मग त्याने आवाज ओळखला.

गाडी तिथेच थांबली. "हॅलो?... हॅलो?..."

काही नाही. नुसता वारा.

मागे पिंजऱ्यात कोल्हीण कुईं कुईं करायला लागली. भ्यायलेली नव्हे. घरचं माणूस दिसलं की कुत्री करतात ना... तशी.

मागे फिरावं, तर अरुंद रस्त्यावर गाडी वळेना. तो पुढे गेला. हळूहळू.

वळण आलं.

धुक्यात एक उजेड. डावीकडे... उजवीकडे... डावीकडे...

टॉर्च.

डॉक्टर उतरला. पिंजरा खाली ठेवला. दार उघडलं. सुटलं की रानजनावर झुडपात धूम ठोकतं. ही गेली नाही. सरळ उजेडाकडे गेली. आणि बसली.

उजेड हलायचा थांबला.

डॉक्टरला राहवेना.

"मी... मी निघालोच नव्हतो."

"माहीत आहे."

"कसं?"

"फोनवर सिनेमा ऐकू येत होता मला. दोन्ही वेळेला."

"मग थांबलात कशाला?"

"हिला एकटीला टाकून कुठे जाऊ?"

टॉर्च विझला.

डॉक्टरने पुन्हा पाहिलं. रस्ता मोकळा. ना माणूस, ना कोल्हीण. उघडा पिंजरा कसाबसा मागे टाकला आणि गाडी पळवली. घरी नाही. भट्टीवाल्याच्या दारात.

बायकोने दार उघडलं. याने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. टीव्ही, पांघरूण, पुलाची थाप... एक शब्द गाळला नाही. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला.

"हेच मी तुम्हाला त्या दिवशी विचारलं होतं."

एवढंच. दार लागलं. आतून रडण्याचा आवाज आला. डॉक्टर पायरीवर उभा राहिला. तिचं बरोबरच होतं.

मग गाडीकडे वळला. आणि थबकला.

मागून खरखर ऐकू आली. बारीक.

पुन्हा आली.

त्याने मागचं दार उघडलं. पिंजऱ्यात एक रानससा होता. कान पाडलेला, पुढचा पाय मोडलेला, धापा टाकणारा. वाटेत गाडी कुठेही थांबली नव्हती. आणि पिंजऱ्याची कडी... बाहेरून नीट लावलेली होती.