चालेलबाई

दुकानात लॅपटॉपच्या मेमरीची पट्टी एकच उरली होती आणि गिऱ्हाइकं दोन. दुकानदार एकदा तिच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे.

"तुम्ही घ्या," शेजारी उभा असलेला तो तिला म्हणाला.

"चालेल... म्हणजे, तुम्ही घेतलीत तरी चालेल."

तो हसला. त्याच्या एकाच गालाला खळी पडली, आणि ती पैसे द्यायचे विसरून तशीच उभी राहिली.

हे 'चालेल' तिचं जुनं दुखणं. कॉफी जीव की प्राण, पण घरात सगळ्यांसाठी चहा होतो म्हणून वर्षानुवर्षं चहाच चालवून घेतलेला. वहिनी तिला चालेलबाईच म्हणायची.

"एवढी मेमरी कशाला लागते हो?" त्यानं विचारलं.

"घरच्या लॅपटॉपवर कुबरनेटिस बसवतेय, प्रोग्राम आपोआप चालते ठेवणारी यंत्रणा. ऑफिसातल्या नव्या टीममध्ये शिरायचंय. पण लॅपटॉप नुसता धापा टाकतो."

तो नेमकं हेच काम करायचा. अडलं तर विचारा म्हणाला आणि नंबर देऊन गेला. अडलं तर होतंच. थोडं तिनं मुद्दाम अडवूनही घेतलं.

मग तो रविवारी यायला लागला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी दोन खुर्च्या, आणि स्वयंपाकघरात कान टवकारलेली वहिनी. पहिल्याच दिवशी त्यानं लॅपटॉपच्या पोटातली एक सेटिंग शोधून काढली. ती बंद होती, म्हणून काहीच सुरू होत नव्हतं.

"कुणी बंद केली?"

"कुणीच नाही. कारखान्यातून तशीच येते. आपणच चालू करावी लागते," तो म्हणाला आणि उगाचच लाजला.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

आज मात्र आल्यापासून तो नुसता पडद्याकडे बघत होता. कंटेनर, म्हणजे प्रोग्रामची बांधलेली डबी, इंटरनेटवरून उतरत होता आणि पडद्यावरची रेघ हळूहळू सरकत होती. त्या रेघेवरची नजर न काढता तो म्हणाला, "मला दुसऱ्या शहरातून नोकरीचं बोलावणं आलंय. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"छान," ती म्हणाली. "चांगलंच झालं की."

हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिनं चालू असलेला एक कंटेनर पुसून टाकला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याच्या जागी नवा उभा. पुन्हा पुसला. पुन्हा हजर.

"हा मेला जातच नाही!"

"कारण एक हवा, असं तूच कुबरनेटिसला सांगून ठेवलंयस. पडला की तो दुसरा उभा करतो. त्याला 'चालेल' कळत नाही गं. एक हवा, दोन हवेत, का एकही नको, ते स्पष्ट सांगावं लागतं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर काहीच उभं राहत नाही."

हे तो लॅपटॉपविषयी बोलत होता का? तिला विचारायचं होतं, पण तिनं उगाच आणखी एक कंटेनर पुसला. तो उठला. दाराशी बसून एक बूट घातला, दुसरा हातात घेऊन थांबला.

"मग... हो म्हणू त्यांना? चालेल?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

तोंडातून 'चा' निघालाच होता. तिनं तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच गिळला असेल.

"नाही," ती म्हणाली. "नाही चालणार. मला तू इथे हवा आहेस."

त्यानं हातातला बूट खाली ठेवला. मग हळूच खळी उमटली.

"किती हवेत, तेही सांगावं लागतं."

"एकच. पण पडला तरी उठून येणारा."

"मग नको म्हणून कळवतो त्यांना. पगार चांगला होता तिथला, पण मनातून जायचंच नव्हतं. मीही नुसतं 'चालेल'च म्हणणार होतो." आणि त्यानं पायातला बूट काढून ठेवला.

"मी चहा टाकतेय," वहिनी आतून म्हणाली. तिचं हसू आवाजातही मावत नव्हतं. "सगळ्यांना चालेल ना?"

"मला कॉफी हवी, वहिनी," ती म्हणाली.