दोन ठोक्यांच्या मधात

फेब्रुवारी १९७९. भंडाऱ्याच्या कॉलेजात शकुनच्या प्रयोगाला बसणारी मैत्रीण तापाने आडवी झाली, आणि नेमक्या त्याच दुपारी एक तरुण ठोके देणारा दुरुस्त मेट्रोनोम घेऊन मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

"मॅडम, तुमचं टिकटिक यंत्र. कमान तुटली होती, नवी टाकली."

मॅडम! शकुन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती.

"तुम्ही मानसशास्त्र वाचलंय?"

"नाही जी. मी खुशाल. वरठीले घड्याळं दुरुस्त करतो."

"मग बसा. असाच माणूस हवाय."

"काहून? डोकं तपासता का माझं?"

"बस ना बाबू," स्टुलावरचे शिपाई सोमाजी म्हणाले, "इथं सुई नाही टोचत."

शकुनने समजावलं. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत वुंट नावाच्या प्राध्यापकाने मन तपासायची प्रयोगशाळा काढली. यंत्राने ठोके द्यायचे, माणसाने ऐकायचे आणि स्वतःच्या आत डोकावून सांगायचं. पुढच्या मंडळींनी नियम कडक केला – जाणवलं तेवढंच सांगायचं, ज्यामुळे जाणवलं त्याचं नाव घ्यायचं नाही.

"म्हणजे शिंगाडा समोर असला तरी शिंगाडा म्हणायचं नाही. काळा, टोकदार, ओला... इतकंच. नाव घेतलं की नोंद बाद."

टक्... टक्... टक्...

"काय जाणवलं?"

"ठोका पडाच्या आधी आत काहीतरी ताणते. पडला का सैल होते. जसं बोडीच्या पाण्यात गरी टाकून बसलो, अन् मासोळी–"

"बाद! मासोळी आली."

"आली कुठं? गरी तोडून गेली ना!"

सोमाजी खो खो हसले. शकुनने मान खाली घालून लिहिलं : ताण, मग सुटका. पुस्तकात हेच होतं, आणि या माणसाने पुस्तक पाहिलंही नव्हतं. तिने हळूच वर पाहिलं. त्याच्या बोटांना घड्याळाच्या तेलाचा मंद वास होता.

मग दर मंगळवारी आणि शनिवारी खुशाल बैठकीला वरठीहून सायकल हाणत यायचा. पोर्चमध्ये सायकलचं स्टँड खटकन वाजलं, की शकुनचं पेन थबकायचं. एकदा तिने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःचीच नोंद केली : छातीत ठोके जलद. तळवे ओले. सुखद. 'कशामुळे' हा रकाना मात्र तिने कोरा सोडला.

दहावी बैठक शेवटची होती. सोमवारी वही द्यायची, दहा नोंदी पुऱ्या नसल्या तर गुण कापले जाणार. आणि पुऱ्या झाल्या, तर खुशालला इथे यायला काही कारणच उरणार नव्हतं.

तिने यंत्र अगदी संथ लावलं.

टक्... ... टक्...

"काय जाणवलं?"

"ठोके ऐकूच नाही आले."

"मग?"

"गळा सुकला. बोटं गार पडली. दोन ठोक्यांच्या मधात लई ताण... अन् सुटूनच नाही राहिला."

"सुखद?"

"लई."

"कशामुळे?" तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"वा! नऊ बैठका मले दटावलं, अन् आता नाव विचारता?" तो यंत्राकडेच पाहत होता. "नोंद बाद होईल. वही अधुरी राहील तुमची."

शकुनने बोट लावून लोलक थांबवला. आणि इतके दिवस प्रयोगशाळेत जपून बोलणारी ती सानगडी गावची मुलगी घरच्या बोलीत बोलून गेली –

"होऊ द्या बाद. सांगा ना... काहून थांबले?"

"शकुन," तो म्हणाला.

आज मॅडम नव्हतं.

तिने दहाव्या नोंदीवर सरळ रेघ मारली. मग शेवटचं पान उघडलं, कोऱ्या रकान्यात एक शब्द लिहिला आणि वही त्याच्याकडे फिरवली. त्याने तो शब्द दोनदा वाचला. त्याचे कान लाल झाले.

"ही नोंद बी बादच ना?"

"बादच!" ती हसू दाबत म्हणाली. "मंगळवारी या."

"पण वही तर सोमवारी द्याची हाय ना?"

"हो. तरी या."

"झालं का?" सोमाजी किल्ल्या वाजवत उठले. "मले कुलूप लावाचं हाय... अन् पोरा, जाताना ते यंत्र सुरू करून जा. मंगळवारपर्यंत बंद तर पडंलच, मंग तुलेच बोलवा लागंल."